ब्रिगेडच्या कागदात आमचा आकडा : भीमा कोरेगावचा लष्करी पत्रव्यवहार आपण का वाचायचा?

डिसेंबर लागला की वर्धा जिल्ह्यातल्या बुद्धविहारांमध्ये १ जानेवारीची चर्चा सुरू होते. हिंगणघाट, पुलगाव, देवळी, आर्वीकडची पोरे गाडी ठरवतात, कोणी महाराष्ट्र एक्स्प्रेसचे तिकीट काढतो. विजयस्तंभाला मानवंदना द्यायची, एवढे पक्के असते. त्याच सुमारास मोबाईलवरची लढाईही सुरू होते. आपल्या बाजूने "५०० महारांनी २८ हजार पेशवाई फौज कापली" असा मजकूर फिरतो. समोरून "इंग्रजांची चाकरी करणाऱ्यांचा कसला आलाय शौर्यदिन" असा टोमणा येतो. मग पंधरा दिवस शिव्यांची देवाणघेवाण. १५ जानेवारीला सगळे शांत होतात आणि पुढच्या डिसेंबरात तोच मजकूर पुन्हा फिरतो.

या भांडणात एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही. त्या दिवशीची नोंद कोणी केली? कोणाच्या सहीने, कोणाच्या नावे, कोणत्या रकान्यात? लढाई शिपाई लढतो, पण लढाईचा कागद सेनापती लिहितो. तो कागद वाचल्याशिवाय आपल्या पूर्वजांचे त्यात नेमके काय झाले, हे कळणार नाही. तो वाचला तर आपला दावा कमजोर होईल अशी भीती काही कार्यकर्त्यांना वाटते. आमचे म्हणणे उलट आहे. कागद वाचला तर आपला दावा फुगवलेल्या आकड्यांपेक्षा कितीतरी भक्कम उभा राहतो.

आधी ही फौज पुण्यात आली कशी, ते पाहू.

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला. होळकरापासून जीव आणि गादी वाचवण्यासाठी त्याने इंग्रजांची तैनाती फौज स्वतः मागून घेतली. तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. या फौजेचा मोठा तळ शिरूरला पडला आणि एक ब्रिगेड पुण्याजवळ राहिली. म्हणजे इंग्रजांना पुण्याच्या दारात आणून बसवणारी सही महाराची नव्हती, पेशव्याची होती. "परक्यांची चाकरी" म्हणून आपल्याला हिणवणाऱ्यांना पहिला प्रश्न हाच विचारा : परक्यांना पगार कोण देत होते?

ब्रिगेड म्हणजे काही पलटणी एका कमांडरच्या हाताखाली आणून केलेली फौज. १८१७ च्या अखेरीस पुण्यातल्या ब्रिगेडचा कमांडर होता लेफ्टनंट कर्नल बर. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, तेव्हा इंग्रज फौज त्याच्याच हुकमतीखाली लढली. १७ नोव्हेंबरला जनरल स्मिथने पुणे ताब्यात घेतले आणि थोड्याच दिवसांत तो पेशव्याच्या पाठलागावर गेला. शहर सांभाळायला मागे राहिला बर.

युद्धात अशा कमांडरचे काम काय असते? सिनेमात तो घोड्यावर बसून तलवार फिरवताना दिसतो. प्रत्यक्षात त्याचा बहुतेक वेळ कागदात जातो. किती शिपाई हजर, किती आजारी, किती पळाले, याची हजेरी. दाणा किती दिवसांचा उरला आहे, बैल किती, ते कोणाकडून भाड्याने घेतले, पगार कधी वाटायचा, भत्ता किती. दारूगोळा कुठे ठेवलाय. जखमींना उचलायला डोल्या आहेत का. आणि या सगळ्याबरोबर वर आणि खाली चालणारी पत्रे : रेसिडेंट एल्फिन्स्टनला, जनरलला, शेजारच्या तळाला. त्या काळच्या इंग्रज सेनापतींची पत्रे पुढे खंडच्या खंड छापली गेली. १८०३ च्या युद्धात याच दख्खन-वऱ्हाडात लढलेल्या आर्थर वेलस्लीची पत्रे उघडली, तर त्यात शौर्यापेक्षा तांदूळ आणि बैल जास्त सापडतात. युद्ध असेच चालते. ज्याच्या हाती हजेरीपत्रक आणि दाण्याचा हिशेब, त्याच्या हाती युद्ध.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पेशवा फौजेसह चाकणकडून पुण्यावर येतोय अशी बातमी लागली. बरने शिरूरच्या तळावरून कुमक मागवली. त्या मागणीवरून कॅप्टन स्टाँटन ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री आठच्या सुमारास निघाला. वसईच्या तहाला त्या दिवशी बरोबर पंधरा वर्षे झाली होती. त्याच्याबरोबर मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, म्हणजे सुमारे ५०० पायदळ. सुमारे ३०० घोडेस्वार. दोन तोफा आणि त्यांवर मद्रासचे २४ युरोपियन गोलंदाज. अधिकाऱ्यांसह एकूण माणसे ८३४.

रात्रभर चालून सकाळी दहाच्या सुमारास ते भीमेकाठी पोहोचले, तर पलीकडे पेशव्याची फौज. ती सगळी मिळून २० हजार घोडदळ आणि ८ हजार पायदळ धरली जाते. मात्र गावावर प्रत्यक्ष हल्ला चढवणाऱ्या तुकड्या सुमारे दोन हजारांच्या होत्या आणि त्यांत अरबांचा भरणा मोठा होता. स्टाँटनने कोरेगावात आसरा घेतला. दिवसभर गल्ल्यांमध्ये, भिंतीआडून, घराघरातून लढाई चालली. रात्रभर चाललेल्या माणसांना दिवसभर अन्न नाही आणि दिवसाचा बहुतेक काळ पाणी नाही. एक तोफ हातची गेली, ती परत घेतली. रात्री नऊच्या सुमारास हल्ला थांबला. पाठीवर स्मिथची फौज येतेय हे कळल्यावर पेशव्याने कोरेगाव सोडले. ८३४ पैकी मारले गेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून २७५. बटालियनचे ५० ठार आणि १०५ जखमी.

ज्या ब्रिगेडसाठी ही कुमक निघाली होती, तिच्यापर्यंत ती पोहोचलीच नाही. पुण्याहूनही कोरेगावात मदत आली नाही. स्टाँटन उरलेल्या माणसांना आणि जखमींना घेऊन शिरूरला परतला. एका कमांडरच्या कागदावरच्या मागणीसाठी ही माणसे रात्रभर चालली आणि दिवसभर लढली, असा त्या दिवसाचा लष्करी अर्थ आहे.

आता कागदाकडे या.

लढाई संपली की कमांडरला वर अहवाल पाठवावा लागतो. त्याला जोडून एक तक्ता असतो : ठार, जखमी, बेपत्ता. या तक्त्याची रीत त्या काळच्या कंपनीच्या फौजेत ठरलेली होती. युरोपियन अधिकारी मेला की त्याचे नाव, हुद्दा, पलटण. हिंदी माणूस मेला की त्याचा आकडा. सुभेदार इतके, जमादार इतके, हवालदार आणि नाईक इतके, शिपाई इतके. कधी भिस्तीही मोजलेले असतात. नाव नाही.

म्हणून कोरेगावची कोणतीही जुनी हकीकत उघडा, तोफ परत मिळवताना पडलेला लेफ्टनंट पॅटिन्सन नावानिशी सापडतो. तोफेजवळ मारला गेलेला लेफ्टनंट चिझम नावानिशी सापडतो. डॉक्टरांची नावे सापडतात. पॅटिन्सनच्या मागे त्या तोफेवर धावून गेलेले शिपाई मात्र "शिपाई" एवढेच उरतात.

बक्षिसेही याच रीतीने वाटली गेली. स्टाँटन गव्हर्नर जनरलचा एडीसी झाला. बटालियनला ग्रेनेडियर हा मान मिळाला आणि "कोरेगाव" हा युद्धसन्मान तिच्या निशाणावर आला. शिपायाला पदक मिळायला १८५१ साल उजाडले, म्हणजे लढाईनंतर तेहतीस वर्षे. तेही तोवर जिवंत राहिलेल्यांना आणि ज्यांनी आपला हक्क मांडला त्यांनाच. लढाईत पंचविशीत असलेला माणूस तेव्हा साठीकडे झुकलेला. किती जण उरले असतील, ज्याचा त्याने विचार करावा.

मग आपली माणसे नावाने कुठे उरली? दगडावर. २६ मार्च १८२१ ला स्तंभाची पायाभरणी झाली. त्यावर इंग्रजी आणि मराठी अशा दोन भाषांत लेख कोरला आणि कामी आलेल्या ४९ सैनिकांची नावे घातली. त्यातल्या २२ नावांच्या शेवटी "नाक" आहे. हा प्रत्यय महारांच्या नावाला लागत असे. कागदात जो आकडा होता, तो दगडावर माणूस झाला.

आता आपल्या बाजूने फिरणाऱ्या मजकुराबद्दल स्पष्ट बोलू. "५०० महार" हा आकडा कागदात बसत नाही. बटालियन पाचशेची होती आणि त्यात महारांबरोबर मराठे, राजपूत, मुसलमान, बेने इस्राएली असे सगळे होते. स्तंभाची यादीच तसे सांगते. पण हे मान्य केल्याने आपले काय जाते? काही जात नाही. उलट मिळते. ४९ पैकी २२ म्हणजे जवळजवळ निम्मे. हिंदू समाजाने सावलीसुद्धा विटाळ मानलेली माणसे त्या पलटणीत इतरांच्या बरोबरीने उभी राहिली, बरोबरीने मेली आणि मृतांच्या यादीतला सर्वांत मोठा भाग त्यांचा निघाला. हे दगडावर कोरलेले आहे, कोणाच्या फॉरवर्डवर अवलंबून नाही. जी गोष्ट दगडावर आहे तिला फुगवायची गरज कशाला? फुगवलेल्या आकड्याचा फायदा एकट्या विरोधकाला होतो. तो एक चूक दाखवतो आणि सगळे नाकारून मोकळा होतो.

आणि याच यादीतून दुसरा प्रश्न उभा राहतो. स्तंभावर मराठ्यांची नावे आहेत, राजपुतांची आहेत. त्यांच्या वंशजांना कोणी विचारते का, तुम्ही परक्यांच्या फौजेत का होता? पेशव्याच्या बाजूने लढणाऱ्या अरबांबद्दल कोणी विचारते का? देशद्रोहाचा प्रश्न फक्त "नाक" लावलेल्या नावांना विचारला जातो. म्हणजे प्रश्न देशाचा नाही, जातीचा आहे.

इथे वर्ध्याच्या वाचकाला वाटेल, हे सगळे पुण्याकडचे. आपला काय संबंध? संबंध आहे. हेच युद्ध तीन महिन्यांत आपल्या दारात आले होते.

२६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला नागपुरात सीताबर्डीची लढाई झाली. तिथल्या इंग्रज फौजेचा कमांडर होता लेफ्टनंट कर्नल स्कॉट. पुढे पेशवा पळत पळत पूर्वेकडे आला. चंद्रपूर गाठून भोसल्यांच्या माणसांशी हातमिळवणी करायची असा त्याचा बेत होता. एप्रिल १८१८ मध्ये त्याला अडवायला स्कॉटची फौज नागपूरहून चंद्रपूरच्या वाटेवर गेली आणि कर्नल ॲडम्सची फौज हिंगणघाटच्या बाजूने वर्धा नदीकडे सरकली. १७ एप्रिल १८१८ ला पांढरकवड्याजवळ शिवणी इथे ॲडम्सने पेशव्याला गाठले आणि त्याची फौज उधळली. ३ जून १८१८ ला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. म्हणजे पेशवाईचा शेवटचा श्वास वर्धा नदीच्या आसपासच अडकला. नदी तरी कोणती? १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांची हद्द जिथे आणून टेकवली, तीच.

आता विचार करा. एप्रिलचा महिना, वऱ्हाड-वर्ध्याचे ऊन, आणि हजारो माणसे, घोडे, बैल यांची फौज गावागावातून चाललेली. तिला वाट दाखवणार कोण? उतार कुठे आहे, विहीर कुठे आहे, कोणत्या नाल्यात पाणी शिल्लक आहे, हे सांगणार कोण? तिचे ओझे उचलून पुढच्या गावापर्यंत नेणार कोण? गावगाड्यात हे काम कोणाचे होते ते आपल्याला पुस्तकात वाचावे लागत नाही. सरकारी माणूस आला की त्याला वाट दाखवायची, त्याचे सामान उचलायचे, सरकारी कागद पुढच्या गावी पोहोचवायचा, हे महारकीचे काम. आपल्याकडे ते कोतवालाच्या नावाने चाले आणि कोतवाल बहुधा महारच असे. हाक आली की भाकरी टाकून उठायचे. मजुरीची खात्री नाही, नकाराची सोय नाही. कोणाचीही फौज आली तरी वेठ तीच.

सेनापतीच्या पत्रात "फौज अमुक मुक्कामाहून तमुक मुक्कामाला पोहोचली" एवढे एक वाक्य असते. त्या एका वाक्याखाली किती गावांची वेठ दबलेली आहे याची नोंद कोणत्याही ब्रिगेडच्या दप्तरात नसते. कोरेगावच्या शिपायाला निदान आकडा तरी मिळाला. या माणसांना आकडाही मिळाला नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, ते याच वेठीच्या मुळावर घाव घालायला. पलटणीतल्या महाराला पगार होता, हुद्दा होता, पेन्शन होती. गावातल्या महाराला भाकरीचा तुकडा होता. आपले पूर्वज पलटणीत का गेले, याचे उत्तर या फरकात आहे. त्यासाठी राष्ट्रभक्तीची आणि राष्ट्रद्रोहाची मोठी मोठी भाषणे लागत नाहीत.

पण कागदाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, नाहीतर आपण इंग्रजांच्या दप्तराला देव मानून बसू.

पलटणीच्या रजिस्टरात प्रत्येक शिपायाची जात लिहिलेली असे. ज्या रकान्यामुळे आज आपण आपली माणसे ओळखतो, त्याच रकान्यावर बोट ठेवून पुढे त्यांना बाहेर काढले गेले. १८५७ नंतर "लढाऊ जाती" आणि "बिगर लढाऊ जाती" अशी मांडणी इंग्रज सेनापतींच्या पत्रव्यवहारात रुजत गेली. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना ती धोरण बनली. १८९२ च्या सुमारास पलटणी जातवार करण्याचे ठरले आणि महारांची भरती बंद झाली. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे कोरली, त्यांच्याच नातवांना "तुम्ही लढाऊ नाही" असे कळवले गेले. गोळी चालली नाही, खटला झाला नाही. एक कागद निघाला आणि पिढ्यांची भाकरी गेली. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार त्याच लष्करातले, तिथल्या शाळेत शिकवणारे. लष्करात शिपायांच्या मुलांना शिक्षण मिळत होते. ते दार बंद होणे म्हणजे नोकरीबरोबर शाळेचे दार बंद होणे होते.

याला आपल्या माणसांनी उत्तर कशाने दिले? कागदानेच. स्वतः लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली सेनापतीच्या नावे अर्ज तयार केला आणि त्यात महारांच्या लष्करी सेवेचा दाखला मांडला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट लंडनच्या भारतमंत्र्यांना उद्देशून अर्ज पाठवला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज संपली, १९२१ पर्यंत ती मोडलीही. म्हणजे लढायला लायक की नालायक हे रक्तावर ठरत नव्हते, सरकारच्या गरजेवर ठरत होते.

बाबासाहेबांनी ही सगळी कागदपत्रे नीट वाचली होती. १ जानेवारी १९२७ ला ते स्वतः कोरेगावला गेले, हे आपण सगळे सांगतो. पण "द अनटचेबल्स अँड द पॅक्स ब्रिटानिका" या त्यांच्या लेखनात त्यांनी काय मांडले, हे फार थोडे जण सांगतात. शासनाने छापलेल्या इंग्रजी खंडांपैकी बाराव्या खंडात ते आहे. अस्पृश्यांच्या मदतीने इंग्रजांनी हा देश जिंकला आणि मग त्याच अस्पृश्यांना लष्करातून बाहेर घातले, असा सरळ आरोप त्यांनी इंग्रजांवर ठेवला आहे. कोरेगाव त्यांच्यासाठी इंग्रजांचे आभार मानायची जागा नव्हती. ती इंग्रजांकडे थकलेल्या देण्याची पावती होती. १९४१ च्या जुलैमध्ये ते संरक्षण सल्लागार समितीवर गेले, महार पलटणीची मागणी लावून धरली आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी आपल्या जवळच्या कामठीत. रेजिमेंटच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ आला. १८१८ च्या तक्त्यात जो आकडा होता, १८२१ च्या दगडावर ज्याचे नाव झाले, १८९२ च्या हुकमाने ज्याला पुसले, त्याला १९४१ साली पुन्हा पलटण मिळाली. मधल्या सगळ्या पायऱ्या अर्ज, निवेदन, पुरावा आणि पाठपुरावा यांच्या आहेत.

हा जुना इतिहास झाला म्हणून कोणी सुटू नये. वर्धा जिल्ह्यात पुलगावला देशातला एक सर्वांत मोठा दारूगोळा डेपो आहे. २० नोव्हेंबर २०१८ ला त्या डेपोच्या परिसरात जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला आणि सहा माणसे गेली. त्यांत आसपासच्या गावांतून रोजंदारीवर आलेले ठेकेदाराचे मजूर होते. दुसऱ्या दिवशी आपण काय वाचले? "स्फोटात सहा ठार." आठवून सांगा, त्यातल्या एका तरी मजुराचे नाव आज जिल्ह्यात कोणाला आठवते का? दोनशे वर्षांपूर्वीचा तक्ता आणि आजची बातमी यांची रीत तीच राहिली आहे. वर्दीतल्या माणसाची नोंद राहते, दगड उभा राहतो. पेटी उचलणारा, खड्डा खणणारा मजूर ठेकेदाराच्या हजेरीवहीत असतो, आणि ती वही उद्या कुठे असेल याचा भरवसा कोणी द्यायचा? हे मजूर कोणत्याही जातीचे असोत, प्रश्न आपलाच आहे. नोंद नसलेल्या माणसाला भरपाई मागता येत नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे की यंदा कोरेगावला जायचेच, पण रिकाम्या हाताने जायचे नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांत असे घर शोधा ज्यातला आजा, पणजा, काका लष्करात होता. महार रेजिमेंटमध्ये असेल, इतर पलटणीत असेल, डेपोत मजूर असेल, कामगार असेल. त्याची डिस्चार्ज वही, पेन्शनची वही, पदकाचा कागद, फौजेतून आलेले पोस्टकार्ड, हे सगळे बहुतेक घरांत पत्र्याच्या पेटीत किंवा फडताळात पडलेले असते. घर बांधताना किंवा म्हातारी गेल्यावर ते रद्दीत जाते. त्याचे फोटो काढा. नाव, गाव, पलटण, भरतीचे साल, निवृत्तीचे साल लिहून घ्या. ज्याचे पेन्शन अडले असेल त्याच्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, गरज पडली तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. ज्या गावातले मजूर धोक्याच्या कामावर जातात, तिथे त्यांची हजेरी, मजुरी आणि ठेकेदाराचे नाव लिहिलेली एक प्रत गावात राहील अशी व्यवस्था करा. विहारात एक कपाट आणि एक वही एवढ्याने हे काम सुरू होते. त्याला देणगी लागत नाही.

काही कार्यकर्ते म्हणतील, हे कारकुनी काम आहे, चळवळीला रस्त्यावरची ताकद लागते. रस्त्यावरची ताकद लागतेच. पण १८९२ साली आपली भरती बंद करणाऱ्यांनी रस्त्यावर येऊन काही केले नव्हते. त्यांनी कारकुनी कामच केले होते. वलंगकर आणि कांबळे यांनी त्याला अर्जांनी उत्तर दिले आणि बाबासाहेबांनी तर आयुष्यभर कागदाला कागदाने उत्तर दिले. संविधान हाही शेवटी लिहिलेलाच कागद आहे, आणि त्याने काय उलथले ते आपण रोज जगतो.

पुढच्या वेळी कोणी मोबाईलवर विचारले, "तुमच्या किती लोकांनी किती लोकांना मारले?" तर त्याला सांगा, आम्ही मारलेल्यांचा हिशेब ठेवत नाही, आम्ही आमच्या मेलेल्यांची नावे ठेवतो. स्तंभावर बावीस आहेत. उरलेल्या हजारोंची यादी आम्ही आमच्या गावात लिहितो आहोत.

आणि असे सांगण्याआधी ती यादी खरोखर सुरू झालेली असू द्या.

जय भीम!